परदेशी अभियांत्रिकी शिक्षण: वाटेवरील अडसर

सन २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेतील विद्यापीठांत ३,६३,०१९ भारतीय विद्यार्थी शिकत होते किंवा शिक्षणाला जोडून मिळणारी कामाची मुदत पुरी करीत होते, असे तेथील इन्स्टिट्यूट ऑफ इंटरनॅशनल एज्युकेशन या संस्थेच्या वार्षिक अहवालात नमूद आहे. दुसऱ्या कोणत्याही देशातून गेलेल्या विद्यार्थ्यांपेक्षा ही संख्या मोठी होती, आणि तीत अभियांत्रिकी व संगणकशास्त्र या शाखांचा वाटा मोठा होता. हा आकडा वाचून कोणाचाही असा समज होईल की, परदेशी जाऊन उच्च तांत्रिक शिक्षण घेण्याची वाट आता सर्वांना मोकळी झाली आहे; बुद्धी असली की झाले.

परंतु अशा अहवालांत मोजदाद असते ती पोहोचलेल्यांची. जे अर्ध्या वाटेवरून परतले, त्यांची नोंद कोणत्याही कचेरीत नसते. अमक्याने परीक्षेचे शुल्क पाहून विचार सोडला, तमक्याला प्रवेश मिळाला पण तारण मिळाले नाही, तिसऱ्याच्या मुलाखतीची तारीख सत्र सुरू झाल्यावर आली, असे कोणी लिहून ठेवीत नाही. त्यामुळे हे विद्यार्थी गुणांत कमी पडले असावेत असे सहज गृहीत धरले जाते. वस्तुस्थिती पुष्कळदा निराळी असते. बहुतेकजण गुणांची कसोटी लागण्यापूर्वीच गळतात, कारण या वाटेवर खर्च आधी असतो आणि निकाल मागाहून.

ही वाट आपल्याकडे काही नवी नाही. पुण्याचे केशव मल्हार भट १८८२ साली मॅसॅच्युसेट्सच्या प्रख्यात तंत्रसंस्थेत दाखल झाले. तेथे शिकावयास गेलेले ते पहिले भारतीय होत. त्या काळी अडसर दोन प्रकारचे असत. समुद्रगमनाचा सामाजिक निषेध हा एक. दुसरा, पैशाचा. जमशेटजी टाटा यांनी १८९२ साली जो निधी स्थापिला, तो या दुसऱ्या अडसरावर उपाय म्हणून. त्यातून मिळणारी रक्कम देणगी नव्हती, ते परतफेडीचे कर्ज होते, हे येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. १९०४ साली कलकत्त्यास योगेंद्रचंद्र घोष यांच्या पुढाकाराने एक मंडळ निघाले. वर्गण्या जमवून तरुणांना उद्योगविद्या शिकण्यासाठी जपान, युरोप व अमेरिकेस धाडणे हे त्याचे काम. लोकमान्यांच्या पाठिंब्याने उभ्या राहिलेल्या तळेगावच्या पैसाफंड काच कारखान्याची धुरा ज्या ईश्वरदास वार्ष्णेय यांनी सांभाळली, तेही जपान व अमेरिका येथे शिकून आलेले होते. एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या कारखान्यास परदेशी शिकलेला तंत्रज्ञ लाभला, ही गोष्ट त्या काळच्या लोकांना फार मोलाची वाटली.

सरकारनेही १९०४ च्या सुमारास तांत्रिक शिक्षणासाठी इंग्लंडला जाण्याच्या काही शिष्यवृत्त्या सुरू केल्या. तेव्हा एक अनपेक्षित अडचण उभी राहिली. महाविद्यालयात प्रवेश मिळे, व्याख्याने ऐकता येत. पण कारखान्यात प्रत्यक्ष यंत्रावर काम शिकण्याची वेळ आली की, कित्येक ब्रिटिश कारखानदार हिंदी विद्यार्थ्यास आत घेण्यास राजी नसत. आपल्या धंद्याचे मर्म उद्याच्या प्रतिस्पर्ध्याला का शिकवावे, हा त्यांचा हिशेब. याविषयीच्या तक्रारी इतक्या वाढल्या की, सर थिओडोर मॉरिसन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमावी लागली आणि १९१३ साली तिने आपला अहवाल सादर केला. वैद्यकाच्या किंवा कायद्याच्या विद्यार्थ्यापुढे अशी अडचण सहसा येत नसे. अभियांत्रिकीची विद्या पुस्तकात अर्धी आणि यंत्रशाळेत अर्धी असल्यामुळे तिच्या दारावर पहारा अधिक असतो.

तो पहारा आजही उठलेला नाही, फक्त त्याची जागा बदलली आहे. पूर्वी तो कारखान्याच्या फाटकावर होता, आता तो प्रयोगशाळेच्या दारावर आहे. विमानविद्या, प्रगत धातू व मिश्रद्रव्ये, अणुविज्ञान यांसारख्या ज्या विषयांचा युद्धसामग्रीशी दूरान्वयानेही संबंध पोहोचतो, त्यांत पदव्युत्तर अभ्यास करण्यासाठी ब्रिटनमध्ये २००७ पासून एक स्वतंत्र संमतिपत्र लागते. अमेरिका, जपान, युरोपीय संघातील देश इत्यादींच्या नागरिकांना त्यातून सूट आहे, भारतीयांना नाही. या संमतिपत्राला शुल्क पडत नाही, पण त्याला कित्येक आठवडे लागू शकतात, आणि ते हाती आल्याशिवाय प्रवेशपरवान्याचा अर्ज पुढे सरकत नाही. अमेरिकेतही संवेदनशील मानलेल्या विषयांच्या विद्यार्थ्याचे प्रकरण मुलाखतीनंतर अधिक चौकशीसाठी बाजूला ठेवले जाते. ती चौकशी किती दिवस चालेल हे कोणी सांगत नाही. साहित्य किंवा अर्थशास्त्र शिकणाऱ्या त्याच्या मित्राचे पारपत्र दरम्यान शिक्का होऊन परत आलेले असते.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर सरकारचे धोरण उदार होते. युद्धोत्तर पुनर्रचनेसाठी तंत्रज्ञ हवेत म्हणून हुशार तरुणांना सरकारी खर्चाने परदेशी पाठविण्याची योजना आखली गेली. बंगलोरच्या राजेश्वरी चटर्जी यांची निवड अशाच योजनेत १९४६ साली झाली आणि १९४७ साली त्या मिशिगन विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकण्यासाठी गेल्या. १९५३ साली डॉक्टरेट घेऊन त्या परतल्या आणि बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अध्यापन करू लागल्या. तेथील अभियांत्रिकी विभागात त्या काळी अध्यापिका जवळजवळ नव्हत्याच. सरकारी योजना नसती तर एका तरुण मुलीला एवढ्या दूर, तेही अभियांत्रिकी शिकण्यासाठी पाठविण्याचे धाडस आणि पैसा किती घरांतून निघाला असता?

पुढे परकीय चलनाची टंचाई आली. १९५७-५८ च्या सुमारास गंगाजळी आटल्यावर बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पौंडाला आणि डॉलरला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागू लागली. 'पी फॉर्म' मंजूर झाल्याखेरीज जहाजाचे तिकीटही काढता येत नसे, आणि १९६० च्या दशकात विमानात बसणाऱ्या विद्यार्थ्याच्या खिशात जेमतेम आठ डॉलर असत. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला, तेव्हा परदेशी शिकत असलेल्या मुलांच्या पालकांचा हिशेब एका रात्रीत कोलमडला. तो काळ आता मागे पडला आहे. २००४ साली रिझर्व्ह बँकेने वर्षाला २५,००० डॉलर बाहेर नेण्याची मोकळीक दिली, आणि आज ती मर्यादा २,५०,००० डॉलर आहे. पूर्वी घरात पैसा असला तरी सरकार तो जाऊ देत नसे. आता सरकारची हरकत नाही. प्रश्न घरात तो आहे का, एवढाच उरला आहे. आणि सामान्य घरापुरते पाहिले तर हा प्रश्न अधिक सोपा झाला असे म्हणता येत नाही.

कारण कोठे आणि केव्हा पैसा लागतो ते पाहावे. असे समजा की, यवतमाळ किंवा नांदेडकडील एका महाविद्यालयात यंत्र अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षात एक मुलगा शिकत आहे. वडील शेतकरी आहेत, घरी सात एकर जिरायत आहे, मुलाचे गुण उत्तम आहेत. अमेरिकेत पुढील वर्षीच्या ऑगस्टात प्रवेश घ्यावयाचा तर त्याने आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात तयारीला लागले पाहिजे. जीआरई ही परीक्षा २०२० नंतर पुष्कळ विद्यापीठांनी ऐच्छिक केली असली, तरी शिष्यवृत्तीची आशा धरणारा विद्यार्थी ती देतोच. आणि इंग्रजीची परीक्षा बहुधा चुकत नाही. दोन्ही मिळून पस्तीस-चाळीस हजार रुपये. मग अर्ज. आठ विद्यापीठे धरली आणि प्रत्येकाचे अर्जशुल्क ऐंशी डॉलर धरले, तर आणखी पन्नास-साठ हजार. ही सारी रक्कम परत न मिळणारी. एकूण लाखाच्या घरातला हा खर्च, आणि प्रवेश मिळेल की नाही याचे उत्तर फेब्रुवारी-मार्चपूर्वी मिळत नाही.

याच महिन्यांत महाविद्यालयात नोकऱ्यांच्या मुलाखती सुरू असतात. पुण्याच्या एखाद्या कारखान्यात साडेतीन-चार लाखांची नोकरी समोर येते. कित्येक ठिकाणी तीत दोन वर्षे न सोडण्याचा करार असतो. घरी धाकट्या बहिणीचे शिक्षण उरलेले असते. नोकरी हातची आणि प्रवेश पळता, अशी ही स्थिती. ज्या घराला लाख रुपये बुडाले तरी चालते, त्या घरचा मुलगा दोन्ही दोर धरून ठेवतो. ज्याला चालत नाही, तो नोकरी पत्करतो. आणि त्याने शहाणपणाच केला असे सर्वांना वाटते. कोणी त्याला अडविले असे म्हणता येत नाही.

आता शिक्षणसंस्थेकडे वळू. परदेशी विद्यापीठ दोन-तीन शिफारसपत्रे मागते आणि ती विद्यार्थ्यास जवळून ओळखणाऱ्या प्राध्यापकाची असावीत अशी अपेक्षा ठेवते. जेथे साठ-साठ मुलांच्या तुकड्या, तासिका तत्त्वावरचे अध्यापक आणि वर्षाआड बदलणारे विभागप्रमुख, तेथे हे पत्र बहुधा विद्यार्थ्यानेच लिहून आणावे आणि गुरुजींनी खाली सही करावी अशी रीत पडली आहे. यात गुरुजींचा दोष थोडा आणि व्यवस्थेचा अधिक. परंतु वाचणाऱ्याला अशा पत्राचा पोकळपणा दोन ओळींत कळतो. नामांकित संस्थेतील विद्यार्थ्याचे पत्र लिहिणारा प्राध्यापक कित्येकदा त्याच परदेशी विद्यापीठात शिकून आलेला असतो.

गुणपत्रकांची कथा वेगळी नाही. संलग्न महाविद्यालयात शिकणाऱ्याला अधिकृत ट्रान्स्क्रिप्ट महाविद्यालयात मिळत नाही, तो विद्यापीठाच्या मुख्य कचेरीतून आणावा लागतो. मध्यंतरी एखाद्या सत्राचा निकाल रखडलेला असतो, एखाद्या विषयाचे पुनर्मूल्यांकन चालू असते. पहिल्या वर्षी इंग्रजी माध्यमाला बिचकून एखादा विषय राहिला, तर त्याचा बॅकलॉग चार वर्षांनीही कागदावर दिसतो. तो का राहिला, हे मात्र कागदावर दिसत नाही. मराठीतून शिकून आलेल्या मुलाचे पहिले वर्ष कसे जाते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

पदवीच्या मान्यतेचाही एक बारकावा आहे, आणि तो पुष्कळ पालकांना ठाऊक नसतो. अभियांत्रिकी पदव्यांना देशोदेशी परस्पर मान्यता देणारा 'वॉशिंग्टन करार' म्हणून जो आहे, त्याचा भारत जून २०१४ पासून पूर्ण सदस्य झाला. परंतु त्याचा लाभ राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाने पहिल्या श्रेणीत मानांकित केलेल्या अभ्यासक्रमांनाच मिळतो, आणि ती श्रेणी स्वायत्त संस्थांसाठी व विद्यापीठांसाठी आहे. साध्या संलग्न महाविद्यालयाचा अभ्यासक्रम मानांकित असला तरी दुसऱ्या श्रेणीचा, म्हणून कराराबाहेरचा. यामुळे पदव्युत्तर प्रवेश अडतोच असे नाही. पुढे परदेशात व्यावसायिक अभियंता म्हणून नोंदणी करण्याची वेळ आली म्हणजे हा फरक बोचू लागतो.

या सर्वांहून मोठी उणीव असते ती वाट दाखविणाऱ्याची. कोणत्या विद्यापीठाकडे अर्जशुल्काची माफी मागता येते, कोणत्या प्राध्यापकाकडे संशोधनासाठी निधी आहे, हेतुपत्रात काय लिहावे आणि काय टाळावे, हे ज्ञान छापील पुस्तकांत फारसे नसते. ते एका तुकडीकडून पुढच्या तुकडीकडे जाते. मुंबई, खरगपूर किंवा मद्रासच्या तंत्रज्ञान संस्थेत प्रत्येक वसतिगृहात गतवर्षी गेलेल्या मुलांची नावे ठाऊक असतात, त्यांची हेतुपत्रे वाचावयास मिळतात, तेथे पोहोचल्यावर उतरावयास त्यांची खोली असते. जेथून आजवर कोणी गेलेच नाही, तेथील मुलाला हे सारे पैसे देऊन विकत घ्यावे लागते. असे सल्ले विकणाऱ्यांची दुकाने आता तालुक्याच्या गावीही निघाली आहेत. त्यांतील काही प्रामाणिक आहेत. पण पुष्कळांना काही परदेशी संस्थांकडूनच दर विद्यार्थ्यामागे दलाली मिळते, तेव्हा त्यांचा सल्ला कोणत्या बाजूस झुकणार हे उघड आहे.

एवढे ओलांडून प्रवेश मिळाला असे धरले, म्हणजे खरी कसोटी पुढे येते. अमेरिकेतील दोन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणाचा हिशेब राहण्या-जेवण्यासह पन्नास लाख रुपयांच्या पुढे सहज जातो. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठे शिक्षणशुल्क घेत नाहीत, ही गोष्ट खरी. तथापि बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याने युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांवर २०१७ पासून सत्राला १,५०० युरो शुल्क बसविले, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून तोच मार्ग धरला. जेथे शुल्क नाही तेथेही विद्यार्थ्याने एका वर्षाच्या निर्वाहाची रक्कम आधी बँकेत गोठवून ठेवावी लागते. २०२४ च्या सप्टेंबरापासून ती ११,९०४ युरो, म्हणजे सुमारे बारा लाख रुपये, अशी आहे. दरमहा ठरावीक हप्त्याने ती त्याला परत मिळते. शिवाय भारतीय कागदपत्रे तपासून घेण्याचे जे प्रमाणपत्र २०२२ च्या नोव्हेंबरापासून सक्तीचे झाले, त्याचे १८,००० रुपये निराळे. फुकट शिक्षणाच्या दाराशी बारा लाखांची नाणी वाजवून दाखवावी लागतात, असा हा प्रकार आहे.

मग पालक बँकेत जातात. साडेसात लाखांपर्यंतचे शैक्षणिक कर्ज तारणाशिवाय मिळू शकते. त्यापुढे सरकारी बँका सामान्यतः तारण मागतात. येथे जो संवाद घडतो, तो महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी ऐकावयास मिळेल.

"साहेब, सात एकर आहे. सातबारा आणला आहे, आठ-अ आणला आहे. कोणाचा बोजा नाही."

"काका, शेतजमीन चालत नाही. घर आहे का? बिनशेती प्लॉट?"

"घर आहे की. आजोबांनी बांधलेलं. गावठाणात."

"त्याचं खरेदीखत? मिळकत पत्रिका?"

खरेदीखत नसते, कारण ते घर कोणी कोणाकडून खरेदी केलेलेच नसते. अधिकारी उद्धट नसतो. पुष्कळदा तोही शेतकऱ्याचाच मुलगा असतो. पण नियम त्याने केलेला नाही. थकलेल्या कर्जापोटी न्यायालयात न जाता तारण जप्त करण्याचा जो अधिकार बँकांना २००२ च्या कायद्याने मिळाला, त्याच्या एकतिसाव्या कलमात शेतजमीन वगळलेली आहे. शेतकऱ्याची जमीन सहज हिसकावली जाऊ नये हा त्यामागचा हेतू, आणि तो योग्यच आहे. परंतु जी जमीन बँकेला घेता येत नाही, तिच्यावर बँक मोठी रक्कम द्यावयास तयार होत नाही. कायद्याने शेतकऱ्याला दिलेले संरक्षण त्याच्या मुलाच्या शिक्षणाच्या वेळी आडवे येते, ते असे. शहरातील दोन खोल्यांच्या सदनिकेवर जे कर्ज निघते, ते सात एकरांवर निघत नाही.

उत्पन्नाचेही तसेच. कर्जास सहकर्जदार लागतो आणि त्याची दोन-तीन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रे लागतात. शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त आहे. म्हणून ज्याचे सारे उत्पन्न शेतीचे, त्याच्याजवळ विवरणपत्र बहुधा नसतेच. बँकेच्या कागदावर तो माणूस मिळविताच नाही. अशा वेळी चुलत्याकडे, मामाकडे, मास्तर असलेल्या आत्याच्या यजमानांकडे जाऊन सही मागावी लागते. पंचवीस-तीस लाखांच्या कर्जाला सही करणे ही नातेसंबंधांतील लहान गोष्ट नव्हे. कित्येक मुले या सहीपाशी थांबतात. मागण्यात संकोच असतो, आणि नकार मिळाला तर दोन घरांतील बोलणे तुटण्याचे भय असते.

बँकांव्यतिरिक्त काही वित्तसंस्था तारणाशिवाय कर्ज देतात. त्यांचे व्याज सरकारी बँकांहून अधिक, आणि त्यांचा भर विद्यार्थ्याच्या भावी पगारावर. हा भावी पगार परदेशी सरकारच्या धोरणावर लटकलेला आहे. अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये परदेशी तज्ज्ञांच्या एच-वन-बी परवान्याच्या नव्या अर्जांवर १,००,००० डॉलरचा आकार बसविण्याची घोषणा केली, तेव्हा पुष्कळ घरांत कर्जाची फेड कशी व्हावी याचा हिशेब नव्याने मांडला गेला. रुपयाची घसरण ही आणखी एक गोष्ट. २०१५ च्या अखेरीस डॉलर सुमारे सहासष्ट रुपये होता, २०२५ च्या अखेरीस तो नव्वदीच्या आसपास पोहोचला. कर्ज रुपयांत मंजूर होते आणि शुल्क डॉलरमध्ये भरावे लागते. दोन सत्रांमधल्या काळात रुपया घसरला की मंजूर रक्कम अपुरी पडते.

शासनाची मदत नाही असे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४२ साली व्हाइसरॉयला जे निवेदन सादर केले, त्यात अस्पृश्य वर्गातील तरुणांना विज्ञान व तंत्रशास्त्र शिकता यावे म्हणून परदेशी शिष्यवृत्त्यांची स्पष्ट मागणी होती. कारण हे शिक्षण त्या वर्गाच्या ऐपतीबाहेरचे आहे, हे त्यांनी ओळखले होते. आज राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती म्हणून ओळखली जाणारी केंद्रीय योजना १९५४-५५ साली सुरू झाली. तिच्या जागा १२५, आणि कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षाला आठ लाख रुपये. अभियांत्रिकी, शुद्ध विज्ञान, कृषी, वैद्यक, वाणिज्य, मानव्यविद्या, सर्वांना मिळून या जागा आहेत. २०२५ साली या योजनेत १०६ उमेदवार निवडले गेले, परंतु प्रथम चाळीसजणांनाच तात्पुरती मंजुरीपत्रे गेली; उरलेल्या ६६ जणांना निधी उपलब्ध झाल्यास पत्रे देण्यात येतील असे कळविण्यात आले. परदेशी विद्यापीठ शुल्क भरण्याच्या तारखेस असे उत्तर स्वीकारीत नाही. अल्पसंख्य समाजातील विद्यार्थ्यांच्या परदेशी शैक्षणिक कर्जावरील व्याजाचा भार उचलणारी 'पढो परदेश' ही योजना २०२२-२३ पासून बंद झाली. २०२४ च्या नोव्हेंबरात मंजूर झालेल्या 'पंतप्रधान विद्यालक्ष्मी' योजनेत तारणाशिवाय कर्जाची सोय आहे; परंतु ती देशातील निवडक संस्थांत शिकणाऱ्यांसाठी.

या सर्व योजनांत एक समान गोष्ट दिसून येते. प्रवेशपत्र हाती असले की मदतीचा अर्ज करता येतो. प्रवेशपत्र मिळेपर्यंतचा जो लाख-सव्वा लाखाचा खर्च, त्याची तरतूद जवळजवळ कोठेच नाही. ज्याला मदतीची सर्वांत अधिक गरज आहे, तो मदतीच्या खिडकीपर्यंत पोहोचतच नाही. आणि मग जागा रिकाम्या राहिल्या तर पात्र उमेदवार मिळाले नाहीत असा शेरा लिहिला जातो. परीक्षाशुल्क, अर्जशुल्क आणि कागदपत्रांचा खर्च यांसाठी दर महाविद्यालयात एखादा लहानसा निधी असता, तर मोठमोठ्या शिष्यवृत्त्यांहून त्याचा उपयोग काकणभर अधिकच झाला असता. पूर्वीच्या काळी गावोगावच्या शिक्षणसंस्थांतून 'गरीब विद्यार्थी फंड' असे. त्याचीच ही नवी आवृत्ती होईल.

शेवटी राहतो तो प्रवेशपरवाना. अमेरिकेसाठी नोंदणीचे ३५० आणि अर्जाचे १८५ डॉलर भरावे लागतात, म्हणजे पुन्हा अठ्ठेचाळीस हजार रुपये. मुलाखत दिल्ली, मुंबई, मद्रास, कलकत्ता किंवा हैदराबाद या पाच ठिकाणीच. जबलपूरच्या किंवा रायपूरच्या विद्यार्थ्याला एकदा बोटांचे ठसे देण्यासाठी आणि एकदा मुलाखतीसाठी, अशी दोन दिवसांची तजवीक करून परगावी राहावे लागते. मुलाखत असते दोन-तीन मिनिटांची. आपण शिक्षण संपवून परत येऊ हे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची. ज्याच्या नावावर घर आहे, वडिलांचा व्यवसाय आहे, त्याला हे सिद्ध करणे सोपे. ज्याने सारे कर्जावर उभे केले आहे, त्याच्याविषयी हा परत कशाला येईल अशी शंका सहज येते. २०२५ साली २७ मेपासून नव्या मुलाखतींच्या तारखा देणेच थांबविण्यात आले आणि १८ जूनला ते पुन्हा सुरू झाले. ऑगस्टात सत्र गाठणाऱ्यांसाठी हेच तीन आठवडे मोलाचे होते. तारीख न मिळालेल्या मुलांनी प्रवेश पुढच्या सत्रापर्यंत ढकलला, काहींनी सोडला. सोडणाऱ्यांचे भरलेले शुल्क बहुतांशी गेले.

गावठाणातील घरांच्या कागदांचा प्रश्न मात्र थोडा हलू लागला आहे. केंद्र शासनाच्या 'स्वामित्व' योजनेखाली एप्रिल २०२० पासून ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांची मोजणी होत असून, घरमालकांना मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. त्या पत्रिकेवर बँकेचे कर्ज मिळावे हा योजनेच्या घोषित हेतूंपैकी एक आहे. यवतमाळच्या त्या काल्पनिक शेतकऱ्याच्या हाती अशी पत्रिका पडली, तर पुढच्या खेपेस बँकेतला संवाद एक वाक्य अधिक चालेल. त्यानंतर बँकेचा वकील शोध अहवालासाठी त्या घराच्या मालकीचा मागील तीस वर्षांचा कागद मागेल, आणि पत्रिका तर आत्ताच कोठे मिळालेली असेल.